पंपावर ३३, घरी २८: हवा भरायच्या एका यंत्राची गोष्ट

आक्काचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "अरे, ते मशीन मागवलं ना दाजींनी, ते फसवं निघालं. काल पंपावर गाडीत तेहेतीसची हवा मारून आणली आणि आज सकाळी हे मशीन अठ्ठावीस दाखवतंय. परत करू का?"

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर नातेवाइकांना माझा उपयोग एवढाच उरलाय, की गाडीचं काहीही बिनसलं की फोन करायचा. म्हटलं, परत करू नकोस, गाडी हलवू नकोस, मी उद्या सकाळी सहाला येतो. "सहाला कशाला रे, थंडीचं?" थंडीचंच यायचं होतं. का ते पुढं येईलच.

आधी घराची माहिती. घर साताऱ्यात, गोडोलीच्या बाजूला, स्वतःचं अंगण. दारात एक हॅचबॅक कार, टायर १६५/७० आर १४. भाचीची स्कूटर, तिच्यावर ती कॉलेजला जाते आणि बाजाराला आक्का. भाच्याची गिअरवाली सायकल. आणि आबांची, म्हणजे आक्काच्या सासऱ्यांची, काळी उंच सायकल. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून रोज सकाळी तिच्यावरून दूध आणतात. चार वाहनं, दहा चाकं, शिवाय डिकीतली स्टेपनी. हवा भरायची जागा हायवेच्या तिठ्यावरचा पेट्रोलपंप, सहा किलोमीटर लांब. तिथं हवेला पैसे पडत नाहीत, पण रांग असते, आणि स्कूटर घेऊन गेलं तर पोरगा कार सोडून आपल्याकडे लवकर वळत नाही. म्हणून हवा महिन्या-दीड महिन्यातून एकदा. सायकलींची तर कुणाला आठवणच नाही.

दाजींना यंत्र हवं होतं ते निराळ्याच कारणानं. डिसेंबरात पुण्याहून येताना खंबाटकीच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही निम्मी. ढाब्यावरच्या ट्रकवाल्यानं हवा देऊन वेळ निभावली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच: डिकीत आपलं यंत्र पाहिजे, आणि झटपट भरणारं पाहिजे.

मी सकाळी पोचलो तेव्हा अंगणात साधारण बारा अंश असतील. गाडी रात्रभर उभी. पिशवीतून मी हवेचा दाब मोजायचा माझा जुना मोठ्या डायलचा गेज काढला. वर्कशॉपमध्ये वापरायचो तसलाच, निवृत्तीनंतर स्वतःचा घेतला आणि दरवर्षी एका ओळखीच्या लॅबमधून तपासून आणतो. (बायको म्हणते, स्वतःचं बीपी एवढ्या नेमानं तपासा.) पुढची दोन चाकं २८ आणि २८. मागचं उजवं साडेअठ्ठावीस. मागचं डावं २४.

म्हणजे यंत्रानं सांगितलेला आकडा निदान त्या एका वेळेला तरी बरोबर होता. मग पाच पाउंड गेले कुठं?

कुठंच गेले नव्हते. दाजींनी हवा भरली दुपारी तीनला. ऊन, बाहेर तीस अंश, त्यात सहा किलोमीटर पळून आलेले टायर. आतली हवा सहज पंचेचाळीस अंशांवर असणार. पंपावरच्या यंत्रानं तेव्हा ३३ ला टिंग वाजवून हवा बंद केली, त्याचं चुकलं नाही. रात्रीत तीच हवा बारा अंशांवर आली. बंद टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर खाली-वर होतो. कारच्या टायरला ढोबळ हिशेब असा, की सहा-साडेसहा अंशांमागे एक पाउंड. तेहेतीस अंशांचा फरक म्हणजे पाच-साडेपाच पाउंड. ३३ मधून पाच गेले, २८ राहिले. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो: गाडी निदान तीन तास उभी, किंवा जेमतेम दोनेक किलोमीटर चाललेली. म्हणजे दुपारी लांबून येऊन पंपावर ३३ भरणारा माणूस प्रत्यक्षात अठ्ठावीस-तीसवरच गाडी चालवत असतो आणि त्याला वाटतं, आपण अगदी काटेकोर.

घरी यंत्र का घ्यावं, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. वेळ वाचतो, रांग टळते, ते सगळं ठीकच. पण सकाळी सहाला, गार टायरवर मोजणं पंपावर जमत नाही, कारण पंपापर्यंत जाता जाताच टायर तापतो.

दाजी म्हणाले, "मग मशीन चांगलं आहे म्हणायचं." म्हटलं, थांबा. एकदा बरोबर सांगितलं म्हणजे खरं बोलतो असं होत नाही. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

त्यांचं यंत्र म्हणजे बॅटरीवरचं, पाण्याच्या बाटलीएवढं. समोर स्क्रीन, बाजूला नळी, नळीच्या टोकाला पितळी आट्यांचा नट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० पीएसआय, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते पाउंड. मी पुढच्या उजव्या चाकाला ती नळी पाच वेळा लावली आणि पाच वेळा काढली, हवा न भरता, नुसतं वाचायला. भाचीनं आकडे लिहून घेतले: २८, साडेतीस, २७, साडेएकोणतीस, ३१. व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावून पाहिलं, गळती नव्हती. नट शेवटपर्यंत आवळलेला होता. एकाच टायरचे, पाच मिनिटांतले पाच आकडे, आणि त्यांत चार पाउंडांचं अंतर. याच्यावर कुणी काय ठरवायचं?

"मामा, सरासरी काढायची का?" भाचीनं विचारलं. सायन्सला आहे ती. म्हटलं, सरासरी तू काढशील, आक्का स्कूटरपुढं उकिडवी बसून काढणार आहे का? सात दिवसांच्या आत परत करता येत होतं. परत केलं.

मग काय घ्यायचं, यावर अंगणातच खल झाला. दाजींचा एक धाकटा मित्र शेजारीच राहतो, तो पायपंप घेऊन आला. पायपंपाबद्दल मला आदर आहे. बॅटरी नाही, वायर नाही, दहा वर्षं टिकतो. पण त्याच्या डायलवर ० ते १६० चे आकडे आणि दोन रेघांमधलं अंतर पाच पाउंडांचं. आपल्याला हवे असलेले ३३ त्या डायलच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यात, सगळ्या रेघा दाटीवाटीनं बसलेल्या. काटा पंचवीस आणि तीसच्या मध्ये कुठंतरी थरथरत होता. काट्याच्या गेजचा स्वभावच असा, की मधल्या भागात तो भरवशाचा, टोकांना ढिला. खोक्यावरचा १५० किंवा १६० हा आकडा बघून लोक खूश होतात, पण घरातल्या कुठल्याही चाकाला साठ-पासष्टच्या वर कधी लागत नाही. मोठी पट्टी घेऊन सुईचं नेढं मोजण्यातला प्रकार. शिवाय आक्काच्या गुडघ्यांनी पायपंप बादच केला.

दुसरा पर्याय कारच्या लायटर सॉकेटवर चालणाऱ्या बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरचा. कार हे एकच वाहन असतं तर मी डोळे मिटून हेच सांगितलं असतं. साधारण १२० वॉटचा, दहा अँपिअर ओढणारा, चार्ज करायची भानगड नाही, वर्षभर डिकीत पडून राहिला तरी कामाच्या वेळी दगा देत नाही. इंजिन चालू ठेवून वापरायचा, एवढंच पथ्य. पण या घरात स्कूटरला हवा भरायची तर आधी कार काढून स्कूटरशेजारी आणायची, सुरू करायची, वायर ओढायची. दाजी कार घेऊन फलटणला ड्यूटीवर असले की संपलंच. मोबाइलच्या चार्जरला जोडून तो चालेल का, असं भाच्यानं विचारलं. नाही चालत. मोबाइलचा चार्जर दोन-तीन अँपिअरचा, याला दहा लागतात.

टाकीवाला २३० व्होल्टचा कॉम्प्रेसर मित्रानं सुचवला. तो गॅरेजला शोभतो. सकाळी सहाला चालवला तर आळी जागी होईल.

म्हणजे पुन्हा बॅटरीवरचंच, पण निवडायची रीत वेगळी. आधी दाजींनी निवडलं होतं ते "किती मिनिटांत भरतं" यावर. त्या आकड्याचा हिशेब त्यांना एकदा करून दाखवला. १६५/७० आर १४ च्या टायरमध्ये जागा साधारण २४ लिटर. सव्वीसचे तेहेतीस करायचे म्हणजे सात पाउंड वाढवायचे, त्याला बाहेरची अकरा-साडेअकरा लिटर हवा आत कोंबावी लागते. मिनिटाला आठ लिटर देणाऱ्या यंत्राला दीड मिनिट, बारा लिटर देणाऱ्याला एक. अर्ध्या मिनिटासाठी हजार रुपये जास्त द्यायचे का? त्यात खोक्यावर लिहिलेले लिटर बहुधा मोकळ्या हवेतले असतात, टायरचा दाब समोर आला की ते उतरतात. रोज दहा गाड्या भरणाऱ्याला वेगाचं मोल. आपण घरी नव्वद टक्के वेळा नुसतं मोजणार आणि दोन-तीन पाउंड टाकणार. आपण खरं तर गेज विकत घेतोय, त्याला पंप जोडलेला आहे, इतकंच.

दुसरं यंत्र दोन हजार तीनशेला आलं, आठवड्यानं. पुन्हा सकाळी सहा, पुन्हा तेच पुढचं उजवं चाक. मुद्दाम हवा भरली नव्हती. माझा गेज २८. नवं यंत्र: साडेएकोणतीस, साडेएकोणतीस, साडेएकोणतीस, साडेएकोणतीस, २९. शेवटचा अर्धा पाउंड उतरला, कारण प्रत्येक वेळी नट काढताना "फुस्स" होऊन थोडी हवा जातेच. माझा गेज लावून पाहिला, तोही तेवढाच खाली आला होता.

दाजींचा चेहरा पडला. "हेही चुकीचंच की! दीड पाउंड जास्त दाखवतंय."

मी म्हटलं, हेच ठेवायचं.

त्यांना ते लगेच पटलं नाही. पण मग आम्ही स्कूटरच्या पुढच्या चाकावर आणि कारच्या एका चाकात जास्त हवा भरून तपासलं. माझ्या गेजवर २२ तेव्हा याचे २३. माझे ३६ तेव्हा याचे ३८. म्हणजे चूक आहे, पण ती रीतसर आहे, शंभराला पाचाच्या आसपास, आणि नेहमी वरच्याच बाजूला. नेहमी पाच मिनिटं पुढं असणाऱ्या घड्याळावर आपली आई गाडी पकडायची ना? तसंच. पहिलं यंत्र कधी पुढं, कधी मागं. त्याच्यावर गाडी चुकलीच असती. ज्याच्याकडे तपासलेला गेज नाही त्यानं काय करायचं? एकच चाक पाच वेळा मोजायचं. एवढं तर कुणालाही जमतं. आकडे एकमेकांना धरून आले की मग ते यंत्र एखाद्या चांगल्या टायरच्या दुकानात नेऊन त्यांच्या गेजशी एकदा ताडून घ्यायचं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पेन्सिल गेजशी मात्र नको. आम्ही तोही आणून लावला होता, त्यानं २८ ला २५ सांगितले. बिचारा रोज दहा वेळा खाली पडतो.

भाचीनं यंत्राच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करनं लिहिलं:

कार, चारही चाकं: ३३ पाहिजे, ३४.५ लाव
स्कूटर पुढे: २२ पाहिजे, २३ लाव
स्कूटर मागे, एकटी: २९ पाहिजे, ३०.५ लाव
स्कूटर मागे, डबलसीट: ३६ पाहिजे, ३८ लाव

हे आकडे त्यांच्या गाड्यांच्या स्टिकरवरचे. तुमचे तुम्ही बघा, आणि टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा बघू नका. तिथं ४४ किंवा ५१ असं काही असतं, ती टायरची कमाल मर्यादा. भाच्यानं नेमकं तेच वाचून "मामा, एक्कावन्न भरायची का?" विचारलं होतं. यंत्रावर कार, मोटारसायकल, सायकल, फुटबॉल अशी चित्रं असतात, त्यांच्या मागं कंपनीनं स्वतःच्या मनानं आकडे ठरवलेले असतात. आक्काला सांगितलं, चित्र दाबायचं नाही, आकडा लावायचा. एकदा भाच्याच्या हातून बटण दाबलं जाऊन पीएसआयचं बार झालं आणि स्क्रीनवर २.१ आलं, तेव्हा टायर बसला म्हणून घरात धावपळ झाली होती. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणजे २.१ म्हणजे तीसच की.

आता त्या मागच्या डाव्या चाकाकडे वळतो, कारण या सगळ्या उठाठेवीत खरी कमाई तिथं झाली. पहिल्या दिवशी बाकीची अठ्ठावीसवर आणि ते २४ वर. सगळ्यांत एकदमच हवा भरलेली. आक्काला म्हटलं, दर रविवारी सकाळी मोज आणि लिहून ठेव. तिनं वही केली नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकटीतच बारीक अक्षरांत चार आकडे लिहायला लागली. दोन रविवारांत चित्र स्वच्छ झालं. तीन चाकं अर्ध्या पाउंडानं खाली, डावं मागचं साडेपाचनं. खिळा नव्हता. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडात साबणाचा फेस सोडला तर दर चार-पाच सेकंदांनी एक बुडबुडा फुगून फुटत होता. आतली पिन थकलेली. पंक्चरवाल्यानं ती दोन मिनिटांत बदलली, वीस रुपये घेतले. डिसेंबरात खंबाटकीजवळ बसलेलं चाक हेच होतं, आणि तेव्हा बाहेर पंक्चर सापडेना म्हणून नुसतीच हवा भरून दिली होती. पंपावर दीड महिन्यानं जाणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. दर वेळी चारही चाकं कमीच भरायची, कोण कोणापेक्षा किती कमी हे पाहतंय कोण?

स्टेपनीत १४ निघाले. ती भरायला सव्वाचार मिनिटं लागली आणि नळीचं पितळी टोक असं तापलं, की दाजींनी उघड्या हातानं सोडवताना बोटं झटकली. हवा दाबली की तापते, सायकलचा पंपही तापतोच. फडकं धरून काढा, आणि एका दमात आठ-दहा मिनिटांच्या वर यंत्र चालवू नका, थोडा विसावा द्या. (स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की मराठीच वाटतो. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे, तिथं डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाचा धंदा सुरू केला. तिकडे तो शब्द कधीच मागं पडला, आपण सांभाळून ठेवलाय.)

यंत्र ठेवायचं कुठं, यावर नवरा-बायकोचं जमेना. दाजींना डिकीत हवं, आक्काला घरात. मी आक्काच्या बाजूनं. मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत साठ अंशांच्या घरात जाते, लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. आणि विसरून सहा महिने डिकीत पडलेलं यंत्र ऐन वेळी बॅटरी उतरलेलं सापडलं की शिव्या मला. शेवटी ठरलं असं: यंत्र दिवाणखान्याच्या कपाटात, महिन्याच्या एक तारखेला चार्ज, आणि लांब जाताना पाण्याच्या बाटल्यांबरोबर तेही पिशवीत. दाजींना एवढं बजावून ठेवलं, की ट्यूबलेस टायर रिमवरून सुटून पूर्ण बसला असेल तर हे यंत्र त्याला उठवू शकणार नाही. टायरची कड रिमवर बसवायला एकदम हवेचा लोंढा लागतो, तो याच्या छातीत नाही. तिथं स्टेपनीच.

मार्चमध्ये ती मंडळी चिपळूणला लग्नाला गेली. तिथं सकाळी मोजून दाजींचा फोन: "एक पाउंड कमी दाखवतंय, परत पिन गेली का?" चारही चाकांत कमी आहे का विचारलं, तर हो. मग पिन नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, चिपळूण जवळपास समुद्राशी. कुंभार्ली उतरलं की बाहेरच्या हवेचा भार वाढतो आणि गेज तर आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच मोजतो. तेवढ्यासाठी एक पाउंडभर उतरणं रास्त आहे. काही करू नका म्हटलं, परत वर आलात की येईल. आलं.

आबांच्या सायकलपाशी मात्र यंत्र हरलं. तिला जुना डनलॉप व्हॉल्व्ह, आत रबराची बारीक नळी. हवा आत जाताना त्या रबराला ढकलून जाते आणि आतल्या दाबानं ते रबर मिटून बसतं, म्हणून बाहेर लावलेल्या गेजला ट्यूबमधलं काही कळतच नाही. खोक्यात मिळालेला जोड लावून आक्कानं यंत्र जोडलं, स्क्रीनवर शून्य. बटण दाबलं तर लगेच चाळीस दाखवून बंद पडलं, टायर तसाच मऊ. भाच्याच्या सायकलला कारसारखाच व्हॉल्व्ह, तिथं सगळं सुरळीत.

आबा ओट्यावर बसून हे बघत होते. उठले, जिन्याखालून आपला हातपंप आणला, पायानं दाबून धरला आणि वीस-बावीस दट्टे मारले. मग अंगठ्यानं टायर दाबून पाहिला, आणखी तीन मारले.

"किती झाली हो आबा?" भाचीनं कॅलेंडरवर लिहायला पेन काढलं.

"दूध आणण्यापुरती," आबा म्हणाले, आणि किटली हँडलला अडकवून निघाले.